वाफेचा हिशेब मागा

शहराची हवा सुधारणार अशी बातमी वर्तमानपत्रात आली की तिच्यासोबतचा फोटो ठरलेला असतो. पाण्याचे तुषार उडवणारी तोफ, रस्ता झाडणारं यंत्र, बांधकामाभोवती ताणलेलं हिरवं कापड. धूळ बसवायलाच हवी. ती फुप्फुसात खोल शिरते आणि माणसं मारते, याबद्दल वाद नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या सगळ्या खर्चात पेट्रोल पंपावरच्या उग्र वासाचा, थिनरच्या उघड्या डब्याचा, रसायनांच्या टाक्यांतून दिवसरात्र निसटणाऱ्या वाफेचा हिशेब कुणीच मांडत नाही. पेट्रोलचा वास आला म्हणजे पेट्रोल वाफ होऊन हवेत गेलं. हवेत गेल्यावर उन्हात त्याचं काय होतं, हे जगाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या महापालिका अजून धुळीपाशीच थांबल्या आहेत.

हे ज्ञान ज्या शहराने भोगून मिळवलं, त्याची गोष्ट आधी सांगतो.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिसवर तपकिरी पडदा उतरला. तीन चौकांपलीकडचं दिसेना. डोळे चुरचुरले, घसे खवखवले, लोक खोकू लागले. जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. मग आरोपी शोधला गेला आणि ठपका आला ॲलिसो स्ट्रीटवरच्या ब्युटाडाइनच्या कारखान्यावर. कृत्रिम रबरासाठी लागणारं ते रसायन युद्धासाठी महत्त्वाचं होतं, तरी लोकांच्या दबावामुळे कारखाना काही काळ बंद करावा लागला. कारखाना बंद होता आणि धुरकं पुन्हा आलं.

त्यानंतर पाळी आली गंधकाची. धुरकं म्हटलं की तेव्हा जगाच्या डोळ्यांपुढे लंडन यायचं. दगडी कोळसा, काजळी, सल्फर डायऑक्साइड आणि हिवाळ्यातलं ओलं धुकं. लॉस एंजेलिस परगण्याने १९४७ मध्ये हवा प्रदूषण नियंत्रणाचं खास खातं उभं केलं आणि पहिला भर दिला तो कारखान्यांच्या धुरावर आणि गंधकावर. धूर कमी झाला. डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. आणि एक गोष्ट कुणालाच जुळवता येईना. हे धुरकं थंडीच्या पहाटे येत नव्हतं. ते लख्ख उन्हाच्या, कोरड्या दिवशी येत होतं आणि दुपारी सर्वांत दाट होत होतं. ऊन चढताच लंडनचं धुकं विरतं. इथे ऊन चढलं की त्रास वाढत होता.

उत्तराची पहिली खूण शेतात सापडली. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पालकाची, बीटाची पानं खालून चंदेरी आणि तांबूस पडत होती. वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करणारे जॉन मिडलटन यांनी १९४४ मध्येच ही नवी इजा ओळखली होती. ना कीड, ना बुरशी. हवेनेच पानं जाळली होती. गंधकाने होणारी इजा शास्त्रज्ञांना चांगली माहीत होती आणि ही तशी नव्हती. पिकाने दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते. ज्या काळी माणसांच्या तक्रारींना कल्पनेचे खेळ म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, त्या काळी पालकाच्या पानाला खोटं ठरवता येत नव्हतं.

मग या प्रकरणात आला अननसाचा अभ्यास करणारा माणूस. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडमधल्या उट्रेख्टचे, कॅलटेकमध्ये जैव-सेंद्रिय रसायनाचे प्राध्यापक. अननसाला त्याचा वास आणि चव देणारी बाष्पनशील संयुगं कोणती, हे ते शोधत होते. वाफेतले अगदी सूक्ष्म अंश गोठवून पकडायचे आणि ओळखायचे, हे त्यांचं कसब. तेच तंत्र त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेवर वापरलं. हाती आले उग्र वासाचे तपकिरी थेंब. त्यांत होती अर्धवट ऑक्सिडीकरण झालेली सेंद्रिय संयुगं, पेट्रोलियमच्या कुळातली. त्यांनी पेट्रोलची वाफ घेतली, तिच्यात नायट्रोजनची ऑक्साइडं मिसळली, त्यावर ऊन पाडलं, आणि त्या काचेच्या कोठडीत लॉस एंजेलिसचं धुरकं तयार झालं. तोच वास, डोळ्यांची तीच चुरचुर, पालकाच्या पानांवर तेच चंदेरी डाग. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला त्यात चिरा पडल्या. ही ओझोनची ओळखीची खूण. या शहरात मोटारींचे टायर लवकर का चिरतात, याचंही कारण त्यात मिळालं. १९५२ मध्ये त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं.

म्हणजे घातक पदार्थ कुठल्याही चिमणीतून बाहेर पडत नव्हता. तो शहराच्या डोक्यावर, हवेतच तयार होत होता. कच्चा माल देणारे हजारो होते. आणि यात शहराची जवळजवळ प्रत्येक मोटार सामील होती.

हे पटवून घेणं अनेकांना परवडणारं नव्हतं. वेस्टर्न ऑइल अँड गॅस असोसिएशन या तेल कंपन्यांच्या संघटनेच्या पैशावर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत धुरक्याचा अभ्यास चालू होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी हागेन-स्मिट यांच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या. १९५३ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी फोर्ड कंपनीला पत्र लिहून मोटारींच्या धुराबद्दल विचारलं, तेव्हा कंपनीकडून उत्तर आलं की तो धूर हवेत लगेच विरतो आणि त्यापासून त्रास होत नाही. शेवटी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कंपन्यांवर खटला भरला. प्रदूषण रोखणारी उपकरणं बाजारात यायला उशीर व्हावा म्हणून त्यांनी संगनमत केलं, असा आरोप होता. खटला तडजोडीने मिटला. मधली सोळा वर्षं शहराने तीच हवा श्वासात घेतली. १९५५ मध्ये तिथे ओझोनची पातळी ०.६८ पीपीएमपर्यंत गेली होती. अमेरिकेची आजची आठ तासांची मर्यादा ०.०७० पीपीएम आहे.

आता थोडं रसायनशास्त्र. ते टाळून हा विषय कळत नाही, आणि न कळल्यामुळेच चुकीच्या जागी पैसा जातो.

वाहनांच्या इंजिनातून नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो आणि ऑक्सिजनचा एक सुटा अणू मोकळा होतो. तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन होतो. पण नुसतं एवढंच असतं तर काळजीचं कारण नव्हतं, कारण शेजारीच असलेला नायट्रिक ऑक्साइड तो ओझोन लगेच खाऊन टाकतो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. हातउसनं दिलं आणि संध्याकाळच्या आत परत आलं, असा तो व्यवहार. शिल्लक फारशी काही राहत नाही.

हा व्यवहार बिघडवतात ती बाष्पनशील सेंद्रिय संयुगं. पेट्रोलची, सॉल्व्हंटची, रंगाची वाफ ती हीच. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अतिशय चपळ घटक असतो. तो या संयुगांवर तुटून पडतो आणि त्यांतून पेरॉक्सी मूलकं तयार होतात. ही मूलकं नायट्रिक ऑक्साइडला ऑक्सिजन पुरवतात आणि त्याचा पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करतात, तेही ओझोन खर्च न करता. उसनं परत घेणाराच दुसरीकडून भागवून मोकळा झाला. ओझोन शिल्लक राहिला. शिवाय या साखळीत हायड्रॉक्सिल पुन्हा तयार होतो आणि पुढच्या संयुगाला गाठतो. ऊन असेतो हे चक्र फिरत राहतं. सकाळी आठ-नऊच्या रहदारीत हवेत गेलेल्या मालाचा ओझोन दुपारी एक ते चारच्या दरम्यान कळसाला पोचतो, तो यामुळे. वाटेत फॉर्मल्डिहाइडसारखी अल्डिहाइडं तयार होतात, पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट तयार होतं. डोळ्यांतून पाणी काढणारे हे पदार्थ. काही संयुगांचे जड तुकडे एकत्र येऊन सूक्ष्म कण बनतात. म्हणजे ज्या पीएम २.५ च्या मागे सरकार लागलं आहे, त्याचाही एक भाग या वाफेतूनच जन्मतो. पाण्याची तोफ त्याला काय करणार?

आकाशात पंधरा-वीस किलोमीटरच्या वर असलेला ओझोन आपलं रक्षण करतो, तो वेगळा. नाकापाशी आलेला ओझोन फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, दमेकऱ्याला आणि लहान मुलाला आधी गाठतो.

सगळ्या वाफा सारख्या गुन्हेगार नसतात, हेही लक्षात घ्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे विल्यम कार्टर यांनी कोणत्या संयुगातून किती ओझोन तयार होऊ शकतो, याची मोजपट्टीच बनवली. तिच्यात इथेन अगदी तळाला आहे. ॲसिटोनही सौम्य आहे, इतकं की अमेरिकेने १९९५ मध्ये ते या नियमांच्या यादीतून वगळलं. झायलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन, फॉर्मल्डिहाइड ही मंडळी मात्र फार वरच्या पायरीवर. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या थिनरमध्ये टोल्युइन आणि झायलीन सर्रास असतात. म्हणून सरसकट टनावारीने मोजण्यापेक्षा कोणती संयुगं हवेत आहेत, हे नावानिशी कळायला हवं. अमेरिकेत १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर ओझोनग्रस्त शहरांत अशी खास केंद्रं उभारावी लागली. ती पन्नासहून जास्त हायड्रोकार्बन वेगवेगळे मोजतात.

आपल्याकडे? २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत. ओझोन त्यांत आहे: आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, एका तासासाठी १८०. बेन्झीनही आहे, पण ते कर्करोगाच्या भीतीने. ओझोनला जन्म देणाऱ्या बाकी सेंद्रिय वाफांसाठी शहराच्या हवेत मर्यादाच नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शहरांना जे लक्ष्य दिलं ते धूलिकण घटवण्याचं. गुण मिळणार पीएम १० वर, निधी मिळणार पीएम १० वर. मग आयुक्त धूळच झाडणार. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेल्याचं दिसलं. उद्योगांच्या प्रदूषणासाठी एक टक्काही नाही.

ज्याचे गुण आहेत तोच धडा वाचायचा, ही सवय शाळेत परवडते. हवेत ती परवडत नाही, हे चीनने दाखवून दिलंय. २०१३ पासून चीनने धूलिकणांविरुद्ध मोठी मोहीम राबवली आणि त्यात खरोखर यश मिळवलं. चार-पाच वर्षांत पीएम २.५ लक्षणीय घटला. त्याच काळात पूर्वेकडच्या शहरांत उन्हाळ्यातला ओझोन वाढत गेला. हवेतले कण ओझोनच्या साखळीतली काही मूलकं शोषून घेत होते. कण कमी झाले, मूलकं मोकळी राहिली, आणि वाफांवर तेवढा लगाम नव्हता. २०२० च्या टाळेबंदीतही चीन आणि युरोपातल्या अनेक शहरांत हेच दिसलं. रस्ते ओस, नायट्रोजनची ऑक्साइडं घटलेली आणि ओझोन वर. शहराच्या मध्यात नायट्रोजनची ऑक्साइडं इतकी दाटलेली असतात की ती ओझोनला खातही असतात. तिथे वाफ तशीच ठेवून फक्त ही ऑक्साइडं कमी केली, तर ओझोन काही काळ वाढतो. दूरच्या गावात गणित उलटं असतं. दोन्ही बाजू एकत्र कमी कराव्या लागतात आणि त्यासाठी दोन्ही मोजाव्या लागतात. यात पळवाट नाही.

या गणितातून आणखी एक फसगत होते. रहदारीच्या चौकात लावलेलं यंत्र ओझोन कमी दाखवतं, कारण तिथला ताजा धूर तो खात असतो. वारा हा माल घेऊन पुढे जातो आणि ओझोन पिकतो उपनगरात, गावात, रानात. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरचा माल समुद्रवाऱ्यासोबत रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोकडे सरकतो. तिथल्या डोंगरांवरची पाइनची झाडं ओझोनने आजारली. मुंबईतही दुपारी वारा समुद्राकडून आत वाहतो. चौकातला आकडा दाखवून ओझोन नाही म्हणणाऱ्याला विचारा, वाऱ्याच्या पुढच्या टोकाला तुमचं यंत्र आहे का?

शेतावरचा परिणाम तर आपल्याच राज्यात बसून मोजला गेलाय. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. कापसाचं नुकसान पाच टक्क्यांहून जास्त. हे धान्य दारिद्र्यरेषेखालच्या नऊ कोटींहून अधिक लोकांना पुरलं असतं. शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा गारपीट, अवकाळी, बोंडअळी यांवर होते. शहरातून आलेल्या ओझोनचा पंचनामा करायला कोणता तलाठी येणार? कापूस पिकवणाऱ्या राज्यात हा अभ्यास प्रत्येक कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा.

आता माहुल. मुंबईतल्या चेंबूरजवळ, खाडीकाठचं हे जुनं कोळीवाड्याचं गाव. शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने, खताचा कारखाना, वीजकेंद्र आणि रसायनं साठवणाऱ्या टाक्यांच्या रांगा. स्थूलमानाने सांगायचं तर पेट्रोलियम आणि सॉल्व्हंटच्या वाफेने वेढलेली वस्ती. टाकी भरताना तिच्यातली वाफ बाहेर ढकलली जाते. उन्हाने टाकी तापली की वाफ श्वास सोडल्यासारखी निघते. झडपांतून आणि जोडांतून झिरपते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत दोन तृतीयांश लोकांनी महिन्यात अनेकदा दम लागत असल्याचं सांगितलं. डोळे चुरचुरण्याच्या आणि छाती कोंडण्याच्या तक्रारी त्याहून जास्त होत्या. तिथल्याच रहिवाशांनी हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलं की इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने दोन तेल कंपन्या आणि साठवणूक करणाऱ्या दोन कंपन्या यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला, आणि तो याच बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या उत्सर्जनाबद्दल होता.

आणि याच माहुलमध्ये शहरातल्या हजारो विस्थापित कुटुंबांना राहायला पाठवलं गेलं. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडली आणि लोकांना टाक्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की लोकांना तिथे जायला भाग पाडू नका. घर देता येत नसेल तर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या. गरीब माणसाला घर देताना खिडकीतून कोणती हवा येईल, हे पाहण्याची गरज एकाही फाइलवर कुणाला वाटली नाही. हा निव्वळ निर्दयपणा होता आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

माहुलकरांनी जे नाकाने ओळखलं, ते यंत्राने दाखवता येतं. हायड्रोकार्बनची वाफ टिपणारे इन्फ्रारेड कॅमेरे आहेत. त्यांतून पाहिलं की टाकीच्या तोंडातून निघणारा लोट स्वच्छ दिसतो. टाक्यांना तरंगतं छप्पर आणि दुहेरी सील बसवता येतं. टँकर भरताना बाहेर येणारी वाफ परत पकडता येते. पेट्रोल पंपावर तर हे तंत्र कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून आहे. नळीच्या तोंडाशीच वाफ ओढून जमिनीखालच्या टाकीत परत पाठवली जाते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० च्या सुरुवातीला मोठ्या विक्रीच्या नव्या पंपांसाठी ही यंत्रणा बंधनकारक करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या नेहमीच्या पंपावर ती बसवली आहे का आणि चालू आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

लॉस एंजेलिसने वाफेचा पाठलाग किती चिकाटीने केला, हे वाचून मला त्या शहराबद्दल आदर वाटतो. कार्बुरेटर, टाकी, पंप, रंग, छपाईची शाई. हेअरस्प्रेवर मर्यादा आली. कोळशाची शेगडी पेटवण्याच्या द्रवावरसुद्धा १९९० मध्ये नियम आला. लोक चिडले, उत्पादकांनी विरोध केला, नियम राहिले. परिणाम मोजलेला आहे: १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत पेट्रोलचा खप जवळपास तिप्पट झाला, तरी तिथल्या हवेतल्या बाष्पनशील संयुगांचं प्रमाण सुमारे पन्नासपटीने उतरलं. ओझोनचा प्रश्न तिथे अजून पूर्ण सुटलेला नाही. पण १९५५ ची हवा तिथे परत आली नाही.

मोटारींचा वाटा घटल्यावर दुसरं सत्य पुढे आलं. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार औद्योगिक देशांतल्या शहरांत खनिज तेलापासून येणाऱ्या या संयुगांपैकी निम्मी आता रंग, गोंद, शाई, कीटकनाशकं, फवारे, साफसफाईची द्रावणं आणि अत्तरं-डिओडरंट यांतून येतात. आपल्याकडे वाहनं, इंधन आणि कारखाने यांचा भार अजून उतरलेला नाही आणि त्यावर हा दुसरा भार चढतो आहे. महाराष्ट्रात वाढदिवसाचा फ्लेक्स लागत नाही असा चौक दाखवा. सॉल्व्हंट शाईने छापलेल्या त्या प्रत्येक फ्लेक्सच्या मागे एका बंद खोलीत दिवसभर ती वाफ हुंगणारा विशीतला मुलगा असतो. त्याच्या खोलीत पंखा आहे, वाफ शोषणारी यंत्रणा नाही. आधी त्याचं शरीर ती वाफ घेतं, मग शहर घेतं. शुभेच्छुकांनी याचा विचार करावा.

हो, झाडंही अशी संयुगं सोडतात. आयसोप्रीन हे त्यांतलं मुख्य. नीलगिरी ते बऱ्यापैकी सोडते. अटलांटा शहराच्या ओझोनमध्ये झाडांच्या वाफेचा मोठा हात असल्याचं १९८८ मध्ये दाखवलं गेलं. याचा आधार घेऊन झाडांवर खापर फोडणारे सगळीकडे भेटतात. रोनाल्ड रेगन यांनी १९८० च्या प्रचारात तसं केलं, आणि गव्हर्नर असताना १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या कायद्यावर सही करणारेही तेच. हागेन-स्मिट त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. झाडांची वाफ लाखो वर्षांपासून आहे. तिला ओझोन करायला लागणारी नायट्रोजनची ऑक्साइडं शहरात इतक्या प्रमाणात आणली ती आपण. नियम गाड्यांना आणि कारखान्यांनाच लावावे लागतील. कुऱ्हाड उचलायला हे शास्त्र परवानगी देत नाही.

२०२१ या वर्षात जगभर सुमारे ४ लाख ९० हजार मृत्यूंचा संबंध ओझोनशी होता आणि त्यांतले जवळपास निम्मे भारतातले, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. एवढं मरण ज्याच्या नावावर आहे, त्याला शहराच्या गुणपत्रिकेत जागा नाही. हे मला मान्य नाही आणि तुम्हीही मान्य करू नये.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. मार्च ते मे या महिन्यांत पेट्रोल शक्यतो सूर्यास्तानंतर भरा. नळीचा खटका बंद झाला की आकडा पूर्ण करण्यासाठी आणखी थेंब ओतू देऊ नका. रंगकाम काढलंत तर पाण्यात मिसळणारा रंग मागा, थिनरचं झाकण लावा. दमा असलेल्या मुलाला उन्हाळ्यात दुपारी दोनला मैदानावर पाठवू नका. याने एका घराचा वाटा कमी होईल, शहराचा होणार नाही.

शहराचा वाटा मागूनच कमी होईल. पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आयुक्त हवेच्या आराखड्याबद्दल बोलतील तेव्हा त्यांना तीन आकडे विचारा: आपल्या वॉर्डात गेल्या उन्हाळ्यात ओझोनने मर्यादा किती दिवस ओलांडली, शहरात कोणती सेंद्रिय संयुगं किती मोजली, आणि किती पंपांवर वाफ परत ओढली जाते. बेन्झीन, टोल्युइन, झायलीन मोजणारी यंत्रं बऱ्याच स्वयंचलित केंद्रांवर आजही आहेत. त्यांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.